हिरकणीला कडा का उतरावा लागला?



गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचा इगतपुरी तालुका भाताचा. जुलैत पाऊस धरला की घोटीच्या आसपासच्या गावांत चिखलणी आणि आवणी एकदमच सुरू होते. ज्यांची स्वतःची खाचरं आहेत त्या आपल्या खाचरात आणि ज्यांची नाहीत त्या दुसऱ्याच्या खाचरात, दिवसभर कमरेत वाकून उभ्या असतात. आवणीची धांदल पुरती सरलेली नसते, तोच ऑगस्टचा पहिला आठवडा येतो. १९९२ पासून हा आठवडा जगभर ‘स्तनपान सप्ताह’ म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त आमच्याकडेही रंगीत तक्ते आले होते. गोऱ्यापान आईच्या मांडीवर गुटगुटीत बाळ, आणि खाली ‘आईचे दूध म्हणजे अमृत’.

गावातल्या सभेला तीन म्हाताऱ्या आणि दोन मुली आल्या. बाकी साऱ्या शेतावर. मग मीच तक्त्यांची गुंडाळी प्लास्टिकात घालून बांधावर गेले. तिथे आमच्या गटातली एक मैत्रीण आवणी करत होती. तिला बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. बाळ घरी सासूजवळ होतं आणि सासू त्याला पाणी घातलेलं गाईचं दूध बोंडल्यानं पाजत होती. मी तिला विचारलं, “अगं, अकरा दिवसांचं लेकरू. अंगावर का पाजत नाहीस?” तिनं मान वर केली, हातातली रोपांची मूठ तशीच धरून ठेवली आणि म्हणाली, “ताई, पाजायला बसू का आवणीला वाकू, ते तुमीच सांगा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी माझ्याजवळ आहे, दहा-बारा वर्षांचं काम आहे, हातात तक्ते होते. पण त्यातला एकही तक्ता तिच्या प्रश्नाला लागू पडत नव्हता. मी ते परत गुंडाळले. या संपादकीयाचा विषय त्या दिवशी ठरला.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण. कोजागरीचा दिवस, सूर्य मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले. खाली वाडीत तान्हं बाळ भुकेलेलं. तिनं विनवण्या केल्या, पण दरवाजा उघडला नाही. मग ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, त्या कड्यावर बुरूज बांधला. आज एस.टी. स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. बहुतेकींना हे नाव आवडतं. मलाही आवडत होतं.

पण ही गोष्ट एकदा उलटी धरून बघा. गडावरच्या लोकांना दूध पुरवणारी ही बाई. तिच्याच बाळाला दूध मिळण्याची वेळ आली तेव्हा दरवाजा बंद होता. तिच्या धाडसाचं कौतुक शेकडो वर्षं चाललं आहे. दरवाजा तिच्यासाठी का उघडला नाही, हा प्रश्न मात्र गोष्टीत कुणी विचारत नाही. आणि आपणही, आरोग्याचं काम करणाऱ्या आपण, बाळंतिणीला कडा कसा उतरायचा तेवढंच शिकवतो आहोत. तिच्या वाटेतले दरवाजे कुणी बंद केले याबद्दल बोलत नाही.

हे दरवाजे कोणते, ते एकेक करून पाहू.

पहिला दरवाजा बाळंतपणाच्या खोलीचाच आहे. मूल जन्मलं की ते पुसून कोरडं करून, आईच्या उघड्या छातीवर उपडं ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं आणि पहिल्या तासात त्याला स्तनाशी लावायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शासनानं २०१६ मध्ये ‘मा’ या नावानं सुरू केलेल्या कार्यक्रमातही हेच सांगितलं आहे. यात नुसता मायेचा भाग नाही. आईच्या अंगाची ऊब बाळाचं अंग गार पडू देत नाही. बाळ चोखू लागलं की आईच्या शरीरात जो स्राव तयार होतो, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि रक्तस्रावाला आळा बसायला मदत होते. म्हणजे तो पहिला तास आईच्याही जिवाचा आहे.

पहिले दोन-तीन दिवस जे दूध येतं ते थोडं, घट्ट आणि पिवळसर असतं. आपल्याकडे त्याला चीक म्हणतात. तो ‘जड’ असतो, ‘बाधतो’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला गूळपाणी, मध, नाहीतर गुटी चाटवायची, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. गंमत बघा, गाय व्याली की तिच्या चिकाची शेजारीपाजारी वाट बघतात. घरोघरी खरवस होतो, नातेवाइकांना डबे जातात. गाईचा चीक आपल्याला पौष्टिक, आणि बाईचा चीक तेवढा टाकाऊ! खरं तर या चिकात जंतूंशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. बाळाची ती पहिली लस आहे. तो थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही एखाद्या बोराएवढंच असतं. चमचा-दीड चमचा त्याला एका वेळेला पुरतो. उलट मधातून आणि पाण्यातून त्याच्या पोटात जंतू जाण्याचा धोका असतो.

आता सगळा दोष जुन्या रीतींवर टाकून मोकळं होता आलं असतं. पण आकडे तसं म्हणू देत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांची वाढ. याच काळात पहिल्या तासात अंगावर पाजलेल्या मुलांचं प्रमाण किती वाढलं? ४१.६ वरून ४१.८ टक्के. म्हणजे वाढलंच नाही. बायका घरातून दवाखान्यात आल्या, सुईणीच्या हातून नर्सच्या हातात आल्या, पण पहिला तास त्यांना तिथेही मिळाला नाही. आता ‘अडाणी सासू’ म्हणून बोट दाखवता येणार नाही. टेबल दवाखान्याचं आहे, घड्याळ दवाखान्याचं आहे.

माझंच सांगते. माझं बाळंतपण नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात सिझेरियननं झालं. कमरेखालचा भाग बधिर केला होता, मी पूर्ण जागी होते. बाळाचं रडणं ऐकलं, तोंड दाखवलं आणि नेलं. परत मांडीवर आलं तेव्हा सात तास झाले होते, आणि तोवर त्याला डब्यातल्या पावडरचं दूध बाटलीनं पाजलेलंही होतं. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. सिझेरियन झालं तरी आई शुद्धीवर असेल तर बाळ लगेच छातीशी देता येतं, हे मी बायकांना शिबिरात सांगत आले होते. पण त्या हिरव्या कपड्यांत, हाताला सलाईन लावलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी पोट भरलेलं बाळ अंगावर ओढेना. नर्सबाई म्हणाल्या, “दूधच नाही आलं अजून.” सासूबाईंनी तेच वाक्य फोनवर चार जणांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्या रात्री वॉर्डातल्या आया मावशींनी मला उठून बसवलं. पाठीमागे उशी दिली, बाळाचं पोट माझ्या पोटाला भिडवलं आणि म्हणाल्या, “लेकराकडे तू नको वाकू. लेकराला तुझ्याकडे आण.” त्यांनी बाळाचा वरचा ओठ स्तनाग्राला लावला. बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं, तसं त्यांनी त्याला जवळ ओढलं. दहा मिनिटांत जे झालं ते मला पाच दिवसांच्या कुठल्याही प्रशिक्षणात कुणी दाखवलं नव्हतं. मावशी कंत्राटी होत्या. त्यांच्या कामाच्या यादीत हे काम नव्हतं.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण असं, की ‘दूध नाही’ हे वाक्य आपल्या गटांत आपण रोज ऐकतो आणि त्यामागचं चक्र आपल्यातल्या अनेकींना ठाऊक नसतं. दूध आधी साठतं आणि मग बाळ पितं, असं ते नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की कमी तयार होतं, आणि मग घरचे म्हणतात, “बघा, म्हटलं नव्हतं?” दुसरी गोष्ट पान्ह्याची. दूध असूनही ते उतरण्यासाठी पान्हा फुटावा लागतो. वेदना, भीती, लाज, अपमान यांनी पान्हा अडतो. ‘तिसरी पण मुलगीच’ असं पाळण्याजवळ उभं राहून बोललं जातं, तेव्हा त्या बाईच्या पान्ह्याचं काय होत असेल? मुलगी झाली की पुढचा मुलगा लवकर व्हावा म्हणून तिचं अंगावरचं दूध लवकर तोडलं जातं, हे अभ्यासकांनी देशभरच्या आकडेवारीवरून दाखवून दिलं आहे. भेदभावाची सुरुवात ताटातल्या भाकरीपासून होते असं आपण म्हणतो. ती त्याही आधी होते.

म्हणून आपल्या प्रत्येक गटात निदान दोघी-तिघींना पुढच्या गोष्टी हातासरशा माहीत हव्यात. पाजताना बाळाचं डोकं, पाठ आणि ढुंगण एका सरळ रेषेत असावं आणि त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं असावं. नुसतं स्तनाग्र तोंडात देऊ नये. भोवतालचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पकड बरोबर असेल तर दुखत नाही. दुखत असेल, भेगा पडत असतील, तर आईला ‘सोस’ म्हणू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. रात्रीचं पाजणं टाळू नये, त्यानं दूध टिकतं. दूध पुरतं आहे की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये, लघवीवरून ठरवावं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी झाली आणि ती फिकट असली म्हणजे दूध पुरतं आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. सिझेरियन झालेल्या आईनं कुशीवर निजून किंवा बाळ काखेखाली धरून पाजावं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बाळ अशक्त असेल, ओढत नसेल, तर दूध हातानं स्वच्छ वाटीत काढून चमच्यानं पाजावं. बाटली नको. आणि बाळ सुस्त पडलं, अंग गार लागलं, पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं किंवा प्यायचंच थांबलं, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. पहिले सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, भर उन्हाळ्यातही नाही.

दुसरा दरवाजा बाजाराचा. डब्यातल्या दुधाच्या कंपन्यांनी गरीब देशांत काय केलं, हे १९७४ च्या ‘द बेबी किलर’ या पुस्तिकेनं जगापुढे मांडलं. विकणाऱ्या बायकांना नर्ससारखे पांढरे कपडे घालून वॉर्डात पाठवायचं, फुकट डबा द्यायचा, आणि आईचं दूध आटलं की ती कायमची गिऱ्हाईक. अस्वच्छ पाण्यात, पुरवून पुरवून पातळ केलेल्या त्या दुधानं असंख्य बाळं दगावली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं अशा विक्रीविरुद्ध आचारसंहिता केली, तेव्हा ११८ देश बाजूनं होते आणि विरोधात एकच, अमेरिका. आपल्या देशात या लढ्याला महाराष्ट्राचा मोठा हात लागला. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्तनपानाला पाठबळ देण्यासाठी देशपातळीवर काम करणारं कार्यकर्त्यांचं आणि डॉक्टरांचं जाळं १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्यात उभं राहिलं. १९९२ मध्ये संसदेनं कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्यानं दोन वर्षांखालच्या मुलांच्या डबाबंद दुधाची आणि आहाराची, तसंच दूधबाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. आईला फुकट नमुने देता येत नाहीत. दवाखान्यात तक्ते लावता येत नाहीत. डॉक्टर-नर्सना भेटी आणि आमिषं देता येत नाहीत.

कायदा चांगला आहे. पण आपल्यापैकी किती जणींनी तो वापरला? नवऱ्यानं मारलं तर कोणत्या कलमाखाली तक्रार करायची, हे आपल्या गटातली चौथी शिकलेली बाई घडाघडा सांगते. दवाखान्यातून घरी निघताना कागदावर डब्याचं नाव लिहून मिळालं तर तो कागद जपून ठेवायचा, गरज काय होती हे विचारायचं, हे मात्र आपण तिला सांगितलेलं नाही.

तिसरा दरवाजा सगळ्यात जड आहे. तो कामाचा. आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी सव्वा महिना ठरवला होता. त्यातला विटाळ आपण झिडकारला आणि ते योग्यच केलं. पण त्या सव्वा महिन्यात एक शहाणपणही होतं. बाईनं चुलीपाशी जायचं नाही, पाणी भरायचं नाही, अळिवाचे-डिंकाचे लाडू खायचे आणि लेकराला पाजायचं. ती आपल्या समाजानं दिलेली बाळंतपणाची रजा होती. फक्त ती मिळायची ज्यांच्या घरात धान्य आणि राबायला दुसरे हात होते त्यांनाच. ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवरच्या मजूर बाईला सव्वा महिना तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

कायद्यानंही तीच पंगत मांडली आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती-लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ मध्ये देशाचा कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या, हीही तरतूद आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सारं घेतलं आहे. पण भातखाचराला हजेरीपट नसतो. नाशिकच्या द्राक्षबागांत, वीटभट्ट्यांवर, महामार्गालगतच्या ढाब्यांवर राबणाऱ्या आमच्या बायकांसाठी यातला एकही शब्द हलत नाही.

त्यांच्यासाठी काय आहे? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या वेळेला मुलगी झाली तरच ६,०००. पाच हजार रुपये सहा महिन्यांवर वाटून बघा. दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत. ‘पहिले सहा महिने फक्त आईचे दूध’ असं भिंतीवर लिहिणाऱ्या शासनानं त्या सहा महिन्यांच्या दूध पाजण्याची लावलेली ही रोजची किंमत आहे. आदिवासी क्षेत्रातल्या गावांत २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण द्यायचं आहे. योजना चांगली आहे. पण पहाटेच मजुरीला गेलेली बाई दुपारी अंगणवाडीत जेवायला येणार कशी? रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, हे २००५ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. मी पाहिलेल्या कामांवर मात्र मुलं झाडाच्या झोळीतच होती.

आता थोडं आपल्या चळवळीबद्दल. आईच्या दुधाचा विषय निघाला की आपण जरा अवघडतो. ‘आई थोर तुझे उपकार’ हा सूर आपल्याला नको असतो, आणि ते बरोबरच आहे. आईपणाचा गौरव करून बाईला घरात कोंडण्याचे प्रकार आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे हा विषय आपण डॉक्टरांवर, सरकारी तक्त्यांवर आणि आता आता तर जाहिरातींवर सोडून दिला. त्याचा परिणाम असा झाला, की या विषयाची भाषा त्यागाची आणि अपराधाची झाली. जी पाजते ती देवता, जी पाजू शकत नाही ती करंटी.

आपण स्पष्ट म्हटलं पाहिजे, की दूध पाजणं हे श्रम आहे. दिवसरात्र दहा-बारा वेळा करायचं, झोप मोडून करायचं, जादा अन्न आणि विश्रांती मागणारं श्रम आहे. श्रमाला वेळ लागतो, मोबदला लागतो, जोडीला हात लागतात. आणि आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा आणखी कशामुळे जिला पाजता येत नाही, किंवा जी विचारपूर्वक पाजत नाही, तिच्या कपाळी आपण दोष मारायचा नाही. तिला सुरक्षित पर्याय मिळणं हाही तिचा हक्कच आहे. आपला झगडा बाईशी नाही, दरवाजांशी आहे.

तो झगडा करण्याजोगा आहे हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन बाळंतिणीपाशी बसल्या, आणि नवजात बाळांचे मृत्यू कितीतरी कमी झाले. १९९९ मध्ये ते काम जगापुढे आलं. आज आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत ज्या सहा गृहभेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. शिकवलेल्या बायकांनी घरी जाऊन केलेल्या काळजीनं आणि उपचारांनी हे साधलं. मात्र त्या आशाताईला अजून शासन ‘स्वयंसेविका’च म्हणतं, हेही विसरायला नको. एका बाईचे श्रम दिसावेत म्हणून दुसरीचे फुकटात घ्यायचे, हे आपल्याला मान्य होता कामा नये.

घोटीच्या आमच्या गटांनी या वर्षी तीन गोष्टी ठरवल्या. एक, गटातली कुणीही बाळंत व्हायला गेली की गटातली एक बाई सोबत जाईल. तिचं काम एकच, पहिल्या तासात बाळ आईच्या छातीवर मागायचं. जी बोलण्याच्या अवस्थेत नसते तिच्या वतीनं बोलायचं. दोन, आपल्या भागात सावडीची पद्धत जुनी आहे. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्या सावडीत बाळंतिणीची पाळी माफ. तिची आवणी बाकीच्या करतील, ती पुढच्या वर्षी फेडेल. तीन, अमृत आहाराचं जेवण मजुरीच्या वेळेआधी किंवा डब्यातून मिळावं आणि मातृवंदनेची रक्कम कायद्यात म्हटल्याइतकी व्हावी, यासाठी ग्रामसभेत ठराव.

सगळं जमलं असं नाही. एका दवाखान्यात आमच्या बाईला दाराबाहेर उभं केलं. दोन ठराव झाले, एका गावात सरपंचांनी ‘हे बायकांचं खाजगी’ म्हणून हसून विषय टाळला. भूमिहीन बाईसाठी सावड कशी करायची याचं उत्तर अजून आम्हाला सापडलेलं नाही. तिच्याकडे आवायला खाचरच नाही, बुडते ती रोजची मजुरी. हा आमच्यापुढचा खरा अवघड प्रश्न आहे आणि तो गटाच्या वर्गणीतून सुटणारा नाही. तिथे शासनालाच गाठावं लागणार.

पण या जुलैत एका बाळंतिणीच्या दोन खाचरांची आवणी अकरा बायकांनी एका दिवसात केली. त्यात गेल्या वर्षीची ती मैत्रीणही होती. दुपारी भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा मला म्हणाली, “ताई, माझ्या वक्ताला हे का नाही सुचलं तुमाला?”

याही प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुमच्या गटात, तुमच्या गावात तो विचारला जाण्याआधी कामाला लागू या. तुमच्याकडे कोणते दरवाजे बंद आहेत आणि त्यातला कोणता उघडायला तुम्ही हात घातला आहे, ते आम्हाला अवश्य लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.